मुदतवाढीचा दिवस

"आधी केबल उपट, मग बोल!"

मी खांद्यावरची पर्स अजून काढलीही नव्हती. फोनवर तेजश्री होती. ती सांगलीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळायची. आम्ही दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. एरवी तिचा फोन "जेवलीस का"पासून सुरू व्हायचा.

"कसली केबल?"

"सर्व्हरची! आमचं सगळं गेलं, निशिगंधा. फाइल म्हणून उघडत नाही. स्क्रीनवर नुसती धमकी. डेटाबेसच्या त्या जुन्या व्हर्जनमधून घुसलेत. तुमच्याकडे तेच आहे, आणि तुमची-आमची लाइन जोडलेली आहे!"

पुढचं मी ऐकलंच नाही. फोन तसाच टेबलावर टाकून मी धावले. आमच्या रक्तपेढीत सर्व्हरची खोली म्हणजे जिन्याखालची एक चिंचोळी जागा. दार उघडलं, गुडघ्यावर बसले आणि भिंतीतून येणारी निळी केबल दोन्ही हातांनी ओढून काढली. हिरवा दिवा विझला. 

दुसऱ्याच क्षणी बाहेरून हाका सुरू झाल्या.

"मॅडम, स्क्रीन अडकली!"

"ओ निशिगंधा मॅडम, लेबल निघंना झालंय!"

मला तेव्हा इचलकरंजीच्या त्या रक्तपेढीत नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. रक्तपेढी एका ट्रस्टची. तिथले सगळे कॉम्प्युटर, प्रिंटर आणि त्या सगळ्यांच्या मागे बसलेला तो जुना सर्व्हर माझ्या ताब्यात. त्या सर्व्हरवर आसपासच्या सगळ्या भागातल्या रक्तदात्यांची नोंद होती. कोण, कुठला, गट कोणता, शेवटचं रक्त कधी दिलं. सांगली-मिरजेपासून गडहिंग्लजपर्यंतच्या रक्तपेढ्या दाता शोधायला आमच्याच सर्व्हरवर यायच्या.

आणि त्या सर्व्हरवरच्या डेटाबेसची मुदत संपली होती. म्हणजे तो चालत होता व्यवस्थित, पण बनवणाऱ्या कंपनीने त्याच्याकडे पाठ फिरवली होती. नवा दोष सापडला तरी दुरुस्ती मिळणार नाही, नवीन व्हर्जन घ्या, असा त्यांचा निरोप. आमचा प्रोग्रॅम ज्याने लिहिला तो कधीच कॅनडाला गेला होता, आणि तो प्रोग्रॅम नव्या व्हर्जनवर चालत नव्हता. सगळं नव्याने लिहायचं तर वर्ष जाणार. यावर एकच तोड होती. ज्यांना वेळ हवाय त्यांच्यासाठी कंपनी मुदतवाढ देत होती. नवं काही नाही, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या, तेही ठरावीक काळ. त्यासाठी वेगळी परवानगी घ्यायची आणि ती सर्व्हरवर चालू करायची.

ट्रस्टच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा सेक्रेटरी चौगुले अण्णा हसले होते. अण्णांचा सूतगिरणीला माल पुरवायचा धंदा. आवाज असा की यंत्रमागाच्या खडखडाटातही ऐकू जावा.

"म्हणजे मेलेल्याला टॉनिक?" ते म्हणाले होते. "पोरी, वर्षभर काय झालं का त्याला? मग?"

रक्तपेढीच्या प्रमुख डॉ. सुमती मगदूम तेव्हा एवढंच म्हणाल्या, "अण्णा, सही करा." अण्णांनी केली. परवानगीचा आकडा नुकताच आला होता. रविवारी काउंटर शांत असतात, तेव्हा निवांत बसून काम करू, असा माझा बेत होता.

तो दिवस मात्र मंगळवार होता, आणि बाहेर काउंटरवर रांग लागली होती.

मी जिन्याखालून बाहेर आले तर अण्णा समोरच उभे. एका गिरणीत रक्तदान शिबिर होतं, त्यासाठी ते आले होते.

"काय केलंस? सगळं बंद पडलंय!"

"मीच बंद केलंय, अण्णा. सांगलीच्या हॉस्पिटलवर हल्ला झालाय. सगळा डेटा कुलूपबंद केलाय कुणीतरी. तीच वाट आपल्याकडे येते."

"आपल्याकडे आलंय का?"

"बघते अजून."

"मग लाव ती केबल! शिबिराला गाडी निघायचीय, पिशव्यांची लेबलं निघाय नकोत?"

ते जिन्याखाली शिरायला लागले. मी दारात आडवी झाले. आज आठवलं तरी हसू येतं. अण्णा केवढे, मी केवढी! पण त्या क्षणी मी दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिले. "नाही अण्णा. केबल लागली आणि तो आत आला, तर एकही दाता आपल्याला परत दिसणार नाही. एकही नाही."

"निशिगंधा." मागून मगदूम मॅडमचा आवाज आला. त्या कधीच मोठ्याने बोलायच्या नाहीत. "दुरुस्ती आपल्याला मिळते का?"

"मिळते, मॅडम. कंपनीने सकाळीच काढलीय. पण मुदत संपलेल्या व्हर्जनसाठी फक्त मुदतवाढवाल्यांना. आपली परवानगी आलीय, चालू करायची राहिलीय."

"मग उभी का आहेस? कर." आणि त्या काउंटरकडे वळल्या. "सगळ्यांनी ऐका. लेबलं हाताने लिहायची. दोघांनी तपासायची, दोघांनी सह्या करायच्या. कॉम्प्युटर नव्हते तेव्हाही आपण रक्त देतच होतो."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमच्या पाठीकडे पाहिलं. "काय लागतंय तुला?" त्यांनी विचारलं.

"मोठा आवाज," मी म्हटलं.

कारण असं होतं की परवानगी चालू करायला सर्व्हर इंटरनेटवर लागतो, आणि तेच तर मला करायचं नव्हतं. दुसरा मार्ग फोनचा. सर्व्हर स्क्रीनवर एक भलामोठा आकडा दाखवतो. तो कंपनीच्या नंबरवर फोन करून सांगायचा. तिकडून तितकाच मोठा दुसरा आकडा येतो, तो आपण टाकायचा. मध्ये एक जरी अंक चुकला की सगळं पहिल्यापासून. जिन्याखाली फोनला रेंज नव्हती. म्हणून मॅडम बाहेर खिडकीशी फोन धरून उभ्या राहिल्या, मी आत स्क्रीनसमोर, आणि मध्ये दारात अण्णा.

"पाच चार शून्य, सात सात एक!" मी आतून.

"पाच चार शून्य, सात सात एक!" अण्णांची गर्जना.

रांगेतले लोक बघत राहिले. एका आजोबांना वाटलं नंबर पुकारतायत, ते आपली चिठ्ठी तपासायला लागले. फोनवरची यांत्रिक बाई मध्येच म्हणाली की नीट कळलं नाही, पुन्हा सांगा. अण्णा तिच्यावर खेकसले, "अगं बाई, सात! सात!" मॅडमनी फोन हाताने झाकून त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. मग उलटा प्रवास. तिकडचे आकडे मॅडमकडून अण्णांकडे, अण्णांकडून माझ्याकडे. शेवटचा अंक टाकला, बटण दाबलं. स्क्रीनवर ओळ उमटली की परवानगी चालू झाली.

"झालं!" मी ओरडले. बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काय झालं हे त्यांना ठाऊक नसावं, पण वाजवल्या.

दुरुस्तीची फाइल मी माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर, मोबाइलच्या नेटवरून उतरवली आणि तपासून कोऱ्या पेनड्राइव्हवर घेतली. आधी सर्व्हरची नोंदवही पाहिली. सांगलीकडून आमच्या दारावर धडका सुरू झाल्या होत्या. शेवटची धडक मी केबल काढली त्याच मिनिटाची. आत कुणी आलेलं नव्हतं. मी बॅकअप घेतला, पेनड्राइव्ह लावला आणि दुरुस्ती सुरू केली. त्यासाठी डेटाबेस बंद करावा लागतो. तो बंद झाला. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली.

ती पट्टी निम्म्यावरही नव्हती, तेवढ्यात इर्शादभाई आले. इर्शाद मुजावर आमचे तंत्रज्ञ, रक्ताचे गट आणि जुळणी त्यांच्याकडे. हातात टेस्ट ट्यूबचा स्टँड तसाच.

"निशिगंधा, दाता शोधायचाय. आत्ता."

"कुठला गट?"

"बॉम्बे."

दहा हजारांत एखादा सापडावा असा तो गट. वरवर तपासलं तर 'ओ' वाटतो, पण 'ओ' रक्त दिलं तर माणूस दगावतो. बॉम्बेला फक्त बॉम्बेच चालतं.

"इथल्याच एका दवाखान्यात रेश्मा लोकरे नावाची बाई आहे," इर्शादभाई सांगू लागले. "नवव्या महिन्यातली. वार खाली सरकलीय, रक्तस्राव सुरू झालाय. डॉक्टर सिझर करायला थांबलेत, रक्ताशिवाय हात लावायचा नाही म्हणतात. 'ओ'च्या सहा पिशव्या लावून बघितल्या, एकही जुळेना. मग माझ्या डोक्यात आलं. दोनदा तपासलं. बॉम्बेच. तिचा भाऊ सुरतेला, तो उद्या पोचणार."

"इर्शादभाई, डेटाबेस बंद आहे. दुरुस्ती चाललीय."

"थांबव."

"मध्ये थांबवली तर कदाचित कधीच उघडणार नाही."

इर्शादभाईंच्या मागे एक तरुण उभा होता, अंगात कापसाच्या धाग्यांनी पांढरा झालेला शर्ट. मागावरून तसाच उठून आलेला. तो बाळकृष्ण लोकरे, रेश्माचा नवरा. तो त्या हिरव्या पट्टीकडे बघत राहिला. ती कशाची आहे हे त्याला माहीत नव्हतं, पण तिच्यावर सगळं अडलंय एवढं त्याला कळलं होतं.

आयुष्यात मी देवाला फारसं काही मागितलेलं नाही. त्या दिवशी एका पट्टीला मागितलं. सरक बाई, सरक.

ती सरकली. शेवटापर्यंत गेली. मशीन स्वतःच बंद झालं आणि परत सुरू व्हायला लागलं. काळा पडदा. काळाच पडदा. अण्णा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते, त्यांचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

"उठतंय का?" त्यांनी एवढ्या हळू विचारलं की मी वळून पाहिलं, अण्णाच आहेत ना?

पडद्यावर उजेड आला. पासवर्ड विचारला. पहिल्यांदा चुकलाच. दुसऱ्यांदा लागला. डेटाबेस आपला पसारा उघडत होता, 'थोडा वेळ थांबा' म्हणत होता, आणि मग उघडला. मी गट टाकून शोध घेतला.

तीन नावं आली.

पहिल्याने महिन्यापूर्वीच पुण्यात रक्त दिलं होतं, त्याला आणखी देता येत नव्हतं. नंबर लिहून घेऊन मी रेंजसाठी बाहेर खिडकीशी गेले. दुसऱ्याचा फोन बंद. तिसरं नाव शकुंतला कुरणे, कागल. घरचा नंबर. मी स्पीकर लावला.

"कोण पायजे?" एक म्हातारा, ठसठशीत आवाज.

"शकुंतलाताई आहेत का? मी इचलकरंजीच्या रक्तपेढीतून बोलतेय."

"सून हाय माझी. ती ड्युटीवर हाय. यष्टीत कंडक्टर हाय न्हवं ती! काय काम हाय?"

"आजी, एका बाळंतिणीला त्यांचं रक्त लागतंय. फक्त त्यांचंच चालतंय."

"लिवून घे नंबर," आजी म्हणाल्या आणि न अडखळता मोबाइल नंबर सांगितला.

मोबाइल वाजत राहिला. कुणी उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा तेच. बाळकृष्ण भिंतीला टेकून खाली बसला. मी आगाराला फोन लावावा म्हणून नंबर शोधतेय, तोच माझा फोन वाजला. मागे इंजिनाची घरघर, माणसांचा गलका.

"कोन बोलतंय? दोनदा रिंग आली, तिकीट फाडत हुतो."

आमच्याकडच्या बायका 'येतो, जातो' असंच बोलतात, त्यामुळे मला ओळखायला वेळ लागला नाही. मी एका दमात सगळं सांगितलं.

"मी तर इचलकरंजीलाच येतोय!" शकुंतलाताई म्हणाल्या. "आत्ता हुपरी सोडली. थांबा जरा." आणि फोन हातात तसाच धरून त्या गाडीत ओरडल्या, "ओ पाव्हणं, गप ऱ्हावा जरा सगळी! एका बाळंतिणीला रगत द्यायचंय. गाडी स्टँडला न जाता आधी रक्तपेढीत न्यायची का?"

काय उत्तर आलं ते आम्हाला शब्दांत कळलं नाही. नुसता कल्लोळ कळला. त्यातून एका माणसाचं मात्र स्पष्ट ऐकू आलं, "इचारताय काय, हाणा गाडी!"

मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. बाळकृष्ण आला, अण्णा आले, रांगेतले अर्धे लोक आले. कोण बाई, कुठली गाडी, हे एकाकडून दुसऱ्याकडे जात होतं. चहावाल्याने आपली हातगाडी आपणहून मागे घेतली. अण्णा भर रस्त्यात उभे राहून रिक्षा बाजूला करत होते, टेम्पोवाल्याला शिव्या देत होते. त्यांच्या आवाजाचं सोनं झालं त्या दिवशी.

आणि लाल गाडी वळणावर दिसली. खिडक्याखिडक्यांतून माणसं बाहेर वाकलेली, हॉर्नवरचा हात निघत नव्हता. गाडी पूर्ण थांबायच्या आधीच खाकी गणवेशातली एक ठेंगणी, काटक बाई खाली उतरली. तिकिटाचं मशीन गळ्यात तसंच. ते तिने ड्रायव्हरकडे दिलं आणि मला विचारलं, "कुठं झोपायचं?"

इर्शादभाई तिला आत घेऊन गेले. हिमोग्लोबिन उत्तम, वजन ठीक, शेवटचं रक्त देऊन वर्ष झालेलं. गट पुन्हा तपासला. बॉम्बे. पिशवी भरू लागली तेव्हा मगदूम मॅडम स्वतः शेजारी उभ्या राहिल्या.

बाहेर गाडीतली माणसं उतरून पायऱ्यांवर बसली होती. एक आजीबाई पुटपुटत होत्या की त्यांची जयसिंगपूरची गाडी चुकणार. कुणीतरी म्हणालं, मागनं रिक्षा येतीया, जावा तुमी. त्यावर त्या भडकल्या. "आन् त्या पोरीचं काय झालं ते मला कोन सांगणार?" आणि त्या पायरीवर आणखी आत सरकून बसल्या. हुपरीचे दोन चांदी कारागीर इर्शादभाईंकडे गेले, आमचा पण गट बघा म्हणाले, आणि आलोच आहोत तर घ्या म्हणून रक्त देऊन मोकळे झाले.

तपासण्या झाल्या, जुळणी झाली, आणि पहिल्यांदाच पिशवी जुळली. लेबल हाताने लिहिलेलं, दोन सह्यांचं. बर्फाची पेटी छातीशी धरून बाळकृष्ण अण्णांच्या गाडीत बसला. गाडी अण्णाच चालवत होते.

मग करायला काही उरलं नाही. मी सर्व्हरपाशी जाऊन केबल हातात घेतली. मॅडम म्हणाल्या, "लाव." मी लावली. हिरवा दिवा लागला. बाहेर काउंटरवर लेबलं सरसर निघायला लागली.

मी नोंदवही उघडून बसले. मिनिटभरातच धडका परत सुरू झाल्या. सांगलीकडून, मग मिरजेकडून, मग अशा ठिकाणांहून की ज्यांची नावं मला वाचता येईनात. तेवढ्याच वेगाने प्रत्येकीसमोर एकच शब्द उमटत होता. नाकारले. नाकारले. नाकारले.

"मॅडम! या, बघा तरी!" मी हाक मारली.

मॅडम चष्मा लावून वाकल्या, इर्शादभाई आले. आम्ही तिघं त्या चिंचोळ्या जागेत एकमेकांना चिकटून उभे होतो आणि क्रिकेटची मॅच बघावी तसे त्या ओळी बघत होतो. बाहेर कुणी दार ठोठावतंय आणि दार हलत नाहीये. इर्शादभाई प्रत्येक ओळीला मांडीवर थाप मारत होते.

तेवढ्यात बाहेर काउंटरवर अण्णांचा फोन आला. स्पीकरची गरजच नव्हती.

"मुलगी झाली! दोघी चांगल्या हायत! ऐकताय का? दोघी!"

पायऱ्यांवर असा आरडाओरडा झाला की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली. आजीबाईंनी कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि मगच रिक्षा बोलावली. शकुंतलाताई तोवर बिस्किटं आणि चहा घेऊन उठल्याही होत्या. इर्शादभाई म्हणत होते, थोडं पडा. "पडून काय करू? गाडी टायमाला लावायची हाय," म्हणत त्यांनी तिकिटाचं मशीन गळ्यात घातलं. कोपराला कापूस चिकटवलेला. दोन पावलं गाडीकडे गेल्या आणि थांबल्या. "पोरगीचं नाव काय ठेवलं कळीवा मला," म्हणाल्या.

संध्याकाळी अण्णा परत आले. माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. टॉनिकचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

"ही मुदतवाढ किती दिवस पुरंल?" त्यांनी विचारलं.

"काही वर्षं. पण अण्णा, हे कायमचं नाही. या काळात आपण सगळं नव्या डेटाबेसवर न्यायला हवं. नाहीतर एक दिवस मुदतवाढही संपेल, आणि त्या दिवशी..."

"त्या दिवशी कुणी बॉम्बेवाली आली तर," अण्णांनी माझं वाक्य पुरं केलं. "उद्यापासून लाग कामाला. माणूस पायजे तर माणूस घे."

लागलेच मी. नवा प्रोग्रॅम लिहायला वर्षाहून जास्त लागलं. त्या सगळ्या काळात जुना सर्व्हर जिन्याखाली घरघरत राहिला, दर महिन्याला त्याच्यासाठी दुरुस्ती येत राहिली, आणि मी ती बसवत राहिले. तेजश्रीच्या हॉस्पिटलला सगळं कागदावरून परत उभं करायला अर्धं वर्ष लागलं. ती नंतर म्हणाली, आमच्याकडे त्या मुदतवाढीचा अर्ज कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिला होता.

त्या मंगळवारनंतर काही दिवसांनीच शकुंतलाताईंचा फोन आला. मागे तोच गलका, तीच घरघर.

"मॅडम, ऐकाय येतंय का? त्या दिवशी इर्शादभाईंनी सांगितलं न्हवं, भावंडांचं पण तपासून घ्या म्हणून? तपासलं. माझी धाकटी बहीण, मीनाक्षी. शेम टू शेम हाय! तिला म्हटलं, आता तुझं बी नाव देतो. हाताशी हाय का तुमचा कॉम्प्युटर?"

"आहे," मी म्हटलं.

"मग लिवून घ्या. मीनाक्षी प्रकाश शिंत्रे. गाव मुरगूड. आन् नंबर मोबाइलचाच घ्या, घरचा नको."

मी खुर्ची पुढे ओढली आणि एक नवीन नोंद उघडली.